चाऊमीनमध्ये भाजी जास्त, सॉस कमी

महोदय,
कॉलेज रोडच्या गाड्यांवर मिळणाऱ्या ‘चायनीज’मध्ये नूडल्सचा ढीग असतो, कोबी नावापुरता. चाऊमीन या चिनी शब्दाचा अर्थ नुसता ‘परतलेले नूडल्स’ असा आहे. तेलात पोहणारे नव्हे. खरी अडचण सॉसची. एक टेबलस्पून (१५ मिली) सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० आहे. वरून मीठ पडते ते वेगळेच!

घरी एकासाठी ६० ग्रॅम कोरडे नूडल्स, १५० ग्रॅम भाज्या, दोन छोटे चमचे तेल आणि एकच छोटा चमचा सोया सॉस पुरतो. नूडल्स पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी काढून गार पाण्याने धुवावेत, नीट निथळावेत. ओले राहिले तर चिकटतात. कढई धूर येईपर्यंत तापवावी. चौघांचे एकदम टाकले की ती गार पडते, कोबीला पाणी सुटते, लगदा होतो. कांद्याची पात (नाशकात तिला काय तोटा?) शेवटी घालावी. मैद्यात तंतुमय घटक नगण्य, म्हणून भाजी हवीच; प्रथिनांसाठी एक अंडे किंवा ५० ग्रॅम पनीर.

– एक वाचक, नाशिक