तिळ्यांची एकही तारीख चुकू नये : बालसंगोपन निधीसाठी तातडीचं आवाहन

सर्व सभासद, हितचिंतक आणि वस्तीतल्या ताई-दादांना सप्रेम नमस्कार.

मंडळ काय करतं हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा बूथवर बर्फाचे डबे घेऊन आपल्याच भगिनी बसल्या होत्या, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला तेव्हा सभागृहात पेढे वाटले गेले ते त्याच हक्कानं. २०२१ च्या एप्रिलमध्ये इतवारीच्या किराणा व्यापारी बांधवांनी एका रात्रीत पैसे गोळा करून दिले, सकाळी मागे वळूनही पाहिलं नाही. महालातल्या सुतारदादांनी कांगारू पद्धतीसाठी आरामखुर्च्या करून दिल्या त्या आजही वापरात आहेत. पाठ हवी तेवढी मागे कलते, दोन्ही हातांना रुंद टेकू आहे, कारण बाळाला छातीशी उभं बांधून आईला तासन्‌तास बसायचं असतं. मजुरी विचारली तर दादा रागावले. धंतोलीच्या निवृत्त शिक्षिका बाई दर वर्षी १ जूनला न चुकता पाकीट पाठवतात. गोकुळपेठेच्या बाजारातल्या भाजीवाल्या मावशींचे महिन्याचे १०१ रुपये आजवर एकदाही उशिरा आलेले नाहीत. मंडळ या सगळ्यांच्या जिवावर उभं आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

म्हणूनच मागच्या आवाहनाच्या वेळी आलेला अनुभव लागला. घरोघरी पत्रकं दिली आणि फोन आले मोजून पाच. गणपतीच्या वर्गणीला आपली वस्ती कधी मागे नसते. मग बाळांच्या तपासणीसाठी हात का आखडतो, हा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत निघाला तेव्हा कोणाजवळच उत्तर नव्हतं. असो. या वेळी वाट पाहायला वेळ नाही.

सक्करदरा भागातल्या एका कुटुंबात २६ फेब्रुवारीला तिळी झाली. ३१ आठवडे पूर्ण, म्हणजे ९ आठवडे आधी. थोरली १,४२० ग्रॅम, मधला १,३१०, धाकटी १,१८०. या आठवड्यात तिन्ही बाळं घरी आली. वडील रोजंदारीवर आहेत, आजी गुडघ्यांनी अधू. बाळं घरी आली म्हणजे संकट टळलं, असं बहुतेकांना वाटतं. उलट कमी दिवसांच्या बाळाच्या तपासण्यांची खरी रांग घरी आल्यावर लागते. मेडिकल, मेयो, डागा ही शासकीय रुग्णालयं आपल्या शहरात आहेत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मदत आहे. पण नेमक्या तारखेला, तीन बाळं घेऊन, एप्रिल-मेच्या उन्हात तिथं पोचणं या घराच्या आवाक्याबाहेर आहे. आपल्याकडे मागणं आहे ते या पोचण्यासाठी.

सगळ्यात आधी डोळे. पोटात असताना डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात आणि पूर्ण दिवसांच्या सुमारास कडेपर्यंत पोचतात. बाळ लवकर आलं आणि ऑक्सिजन लागला की ही वाढ मध्येच अडते, पुढे वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या फुटतात आणि पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. याला आरओपी म्हणतात. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत किंवा २,००० ग्रॅमच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. १,२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. धाकटीची म्हणूनच आधी झाली. तिच्या पडद्यावर बदल आहेत, डॉक्टरांनी दर आठवड्याला बोलावलं आहे. बाकी दोघांना पंधरा दिवसांनी. गर्भधारणेपासून मोजलं तर ही बाळं आता ३७ व्या आठवड्यात आहेत, आणि हा आजार बळावतो तो याच सुमारास. उपचार लागेल असं ठरलं की ४८ ते ७२ तासांत लेझर किंवा इंजेक्शन व्हावं लागतं. बाहेरून डोळा अगदी नितळ दिसतो, म्हणून घरचे म्हणतात, "बाळ तर बघतंय ना, पुढच्या हप्त्यात जाऊ." त्या एका हप्त्यात नजर जाऊ शकते.

या तपासणीला नेणाऱ्या स्वयंसेवकांनी लक्षात ठेवायचं : तपासणीआधी तासभर दूध नाही, नाहीतर उलटी होऊन श्वासनलिकेत जाते. बाहुली मोठी करणारे थेंब थोड्या थोड्या वेळानं दोन-तीनदा घालतात. गालावर ओघळलेला थेंब लगेच पुसायचा, तो अंगात मुरला तर रक्तदाब वाढतो, पोट फुगतं. परतताना डोळ्यांवर सुती कापडाची सावली हवी, कारण बाहुली काही तास मोठीच राहते आणि नागपूरचं दुपारचं ऊन मोठ्या माणसाला सोसत नाही.

दुसरं, कान. ऐकण्याची पहिली चाळणी महिनाभरात, शंका असेल तर पक्कं निदान तीन महिन्यांत, आणि दोष निघाला तर उपाय सहा महिन्यांच्या आत सुरू, असा हिशेब आहे. नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांना नुसती ओएई चाचणी (आवाजाला आतल्या कानाचा प्रतिसाद तपासणारी) पुरत नाही, कारण कानातली शंखिका, म्हणजे आवाज टिपणारा आतला भाग, ठीक असूनही पुढची नस काम करत नसेल तर त्यात कळत नाही. बेरा, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून आवाज नसेतून पुढे पोचतो का हे पाहणारी चाचणी, करावी लागते, ती २६ मेच्या आत व्हावी. बाळ झोपलेलं लागतं. होतं काय, ऑटोच्या हेलकाव्यानं तिन्ही वाटेतच झोपतात आणि तारा चिकटवताना जागी होतात; दिवस फुकट जातो. तेव्हा वाटेत जागं ठेवायचं, दूध तिथं पोचून पाजायचं. आणि त्या दिवशी टाळूला तेल नको, तारा चिकटत नाहीत.

लसीबद्दल घरोघरी गैरसमज आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. वाढीचे टप्पे मोजताना ९ आठवडे वजा करायचे, लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच आणि पूर्ण मात्रेत. दीड महिन्याची ९ एप्रिलला घेऊन झाली. पुढच्या तारखा ७ मे आणि ४ जून, म्हणजे ऐन उन्हाळा.

घरातलं काम तर मोजून बघा. दोन किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ३२० मिली दूध, दर दोन तासांनी २७ मिलीच्या आसपास. अजून तिघांनाही ओढून पिताना दम लागतो, म्हणून आईचं काढलेलं दूध बोंडल्यानं पाजतात. दिवसात ३६ वेळा, एका वेळेला वीस मिनिटं. बारा तास नुसत्या पाजण्यात गेले. त्यात कांगारू पद्धत. आईच्या छातीशी फार तर दोघं, तिसऱ्याला वडिलांनी किंवा मावशीनं घ्यायचं. म्हणून दुपारी एक आणि रात्री एक अशी दोन माणसं पाहिजेत.

औषधात चूक होते ती तिळ्यांत हमखास : एकाला दोनदा, एकाला मुळीच नाही. थोरलीच्या पायात लाल दोरा, मधल्याच्या पिवळा, धाकटीच्या काळा, आणि त्याच रंगाच्या तीन वह्या, असं आपण ठरवून दिलं आहे. ड जीवनसत्त्व प्रत्येकाला रोज ४०० युनिट. लोहाचे थेंब किलोमागे २ मिलिग्रॅम, म्हणजे दोन किलोला ४. बाटलीवर १ मिलीत १० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर ०.४ मिली, दुकानदारानं २५ वाली दिली आणि तेवढेच थेंब घातले तर अडीच पट लोह पोटात जातं. दरवेळी बाटली वाचायची, आणि बाटलीच्या नळीनं नाही, १ मिलीच्या सिरिंजनं मोजायचं.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, पाजण्याआधी, उघड्या अंगानं. दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. आठवड्यात १५० ग्रॅमही भरली नाही तर डॉक्टरांना दाखवायचं. काटा ५ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, भाजीचा नाही. डोक्याचा घेर न ताणणाऱ्या फितीनं. धाकटीची तुलना थोरलीशी करू नये, तिच्याच मागच्या आकड्याशी करावी.

आज्यांना हात जोडून विनंती : धुरी नको, घुटी नको, मध नको, आणि कितीही तापलं तरी वरचं पाणी नको, आईच्या दुधात पाणी असतंच. कूलर चालेल, पण झोत अंगावर नको. तळपाय गार लागले की लगेच छातीशी घ्यावं. दूध सोडलं, श्वास थांबला, छाती आत ओढली गेली, तर आम्हाला फोन नको, सरळ १०८.

पुढचे टप्पे ३० एप्रिलपासून मोजायचे, ती त्यांची खरी येण्याची तारीख. जूनअखेर ओळखीचं हसू. तान्ह्या पोळ्यापर्यंत मान धरायला हवी. आधाराशिवाय बसणं दिवाळी ते नाताळ. तोवर मुठी घट्ट मिटलेल्या राहिल्या, वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर दिसला, पाय कात्रीसारखे आडवे पडू लागले, तर "उशिरा होतंच" म्हणत थांबायचं नाही. मेंदूला वळण लावायचे पहिले महिने परत मिळत नाहीत. हा वजाबाकीचा हिशेब दोन वर्षांपर्यंत, आणि आपली सोबतही तोवर.

खर्च (पहिलं वर्ष) : जाणं-येणं २४ फेऱ्या, फेरीला ७०० प्रमाणे १६,८००; औषधी थेंब ६,०००; वजनकाटा ३,५००; आईचा आहार सहा महिने ९,०००; तातडीसाठी राखीव १०,०००. एकूण ४५,३०० रुपये. निधीत सध्या याच्या चौथ्या भागाएवढेही नाहीत. गाडी : दर गुरुवारी सकाळी ८ ते २, एसी चालू असलेली, चालकासह. माणसं : प्रत्येक फेरीला बाळांच्या संख्येइतकी, सर्दी-खोकला नसलेली, नखं कापलेली, हात साबणानं कोपरापर्यंत धुणारी. वस्तू : जुन्या सुती साड्या व धोतरं, उकळून उन्हात वाळवलेली. डबा-बाटली, पावडरचं दूध, वॉकर कृपया आणू नये. देणगी कार्यालयात रोज संध्याकाळी ६ ते ८, रविवारी सकाळीही. खातं क्रमांक व क्यूआर फलकावर आहे. रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. कुटुंबाचं नाव-पत्ता विचारू नये, फोटो मागू नये. येत्या गुरुवारच्या गाडीची सोय अजून झालेली नाही. ज्यांना जमेल त्यांनी बुधवारी रात्री ८ च्या आत कळवावं.

आपला,
सचिव, बालसंगोपन निधी समिती, नागपूर