विंचूदंशावरची गोळी प्रत्येक आरोग्य केंद्रात हवी

संपादक महोदय,

सोयाबीन निघाले की आमच्याकडे कुटाराचे ढीग हलवायला घेतात आणि इंचू चावल्याच्या बातम्या गावोगाव ऐकू येतात. गेल्या हंगामात माझ्या 11 वर्षांच्या पुतण्याला कुटार भरताना लाल विंचू चावला. आम्ही त्याला आधी मांत्रिकाकडे नेऊन दोन तास घालवले, ही चूक आमचीच. मात्र त्यानंतर एका आरोग्य केंद्रात कळ थांबवण्याची सुई देऊन त्याला घरी पाठवण्यात आले, कारण तो 'आता दुखत नाही' असे म्हणत होता. त्या वेळी त्याचा सदरा घामाने चिंब होता आणि तळहात माठासारखे गार पडले होते. रात्री खोकल्याबरोबर गुलाबी फेस येऊ लागला, तेव्हा आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी धावलो.

तेथील डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. या विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनालिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन यांचा जणू पूर येतो. ही द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील 'अल्फा' ग्राहींवर, म्हणजे या द्रव्यांचा संदेश झेलणाऱ्या जागांवर, काम करू लागली की वाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकून फुफ्फुसांत पाणी साचते. म्हणजे कळ कमी आणि घाम, उलट्या, गार हात जास्त, हेच धोक्याचे लक्षण आहे. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी नेमके हेच अल्फा ग्राही अडवते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात महाडला विंचूदंशावर तिचा उपयोग सिद्ध केला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के दगावत. पुढे हे प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आले. प्रतिविष, म्हणजे विंचवाच्या विषावरचा उताराही, सोबत दिले तर रुग्ण अधिक लवकर सावरतो.

मंद विरघळणारी गोळी येथे कामाची नाही, साधीच हवी. हातपाय ऊबदार होईपर्यंत ती दर 3 तासांनी द्यावी लागते, आणि उठून बसल्यास रक्तदाब एकदम उतरू शकतो म्हणून रुग्णाला झोपवूनच ठेवावे लागते. पुतण्याचे हात पहाटे ऊबदार झाले, तेव्हा आमच्या वहिनींनी ते सोडलेच नाहीत.

माझी आरोग्य विभागाला विनंती आहे की पुढच्या सोयाबीनच्या मळणीपूर्वी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातील प्राझोसिनच्या साध्या गोळ्यांचा आणि प्रतिविषाचा साठा तपासावा, आणि विंचू चावलेल्या मुलाचा तळहात हातात घेऊन पाहिल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, अशी सूचना तेथील प्रत्येक कर्मचाऱ्याला द्यावी.

आपला,
एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा