मजुरीची ओळ सगळ्यात वर लिहिणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका म्हणून तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. आभार मात्र जाहीरच मानायचे आहेत, कारण ठाण्यात आमच्यासारख्या बचत गटांना शहाणपण शिकवणारे पुष्कळ येऊन गेले. बॅनर लागला, दीपप्रज्वलन झालं, प्रमाणपत्रं वाटताना फोटो निघाले आणि चहा गार व्हायच्या आत मंडळी गाडीत बसली. 'मार्केटिंग वाढवा' एवढंच त्यातून हाती लागलं. उद्यम नोंदणीचे, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदीचे, दोन हजार घेणारा एजंट तर वेगळाच. ती नोंदणी आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर फुकट होते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं.

तुम्ही एक पाठकोरा कागद ओढलात आणि भाजणीच्या चकलीचा हिशोब मांडताना पहिली ओळ लिहिलीत: मजुरी. डाळ-तांदळाच्या आधी, तेलाच्याही आधी. मग पेन आमच्या हातात दिलंत आणि आकडा आम्हालाच भरायला लावलात. कोणी भीत भीत तासाला ३० म्हणालं, तर तुम्ही काही न बोलता थांबून राहिलात, ६० होईपर्यंत. त्या थांबण्याचे हे आभार.

एक किलो चकलीला डाळी, तांदूळ, दळण, तेल, गॅस मिळून १९० रुपये. पिशवी आणि लेबल २०. धुणं, वाळवणं, भाजणं, पाडणं, तळणं, भरणं असे अडीच तास, म्हणजे १५०. हे झाले ३६०. वर तूटफूट धरायची, कारण मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते आणि कमी पडलं की दगड होते. सगळं मिळून ४०० पडतात. दुकानदार छापील किमतीवर वीस टक्के ठेवणार, म्हणजे छापायचे ५००. आमची चकली आम्ही दुकानदाराला ३०० रुपयांनी देत होतो आणि किलोमागे ९० रुपये सुटतात म्हणून सगळ्या खूश होत्या! तो नफा नव्हताच, आमचीच मजुरी होती, तीही अर्धीमुर्धी.

बोलता बोलता तुम्ही प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाबद्दल सांगितलंत. साल १९७५, मुंबईचं गिरणगाव. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या किराणा उधारीवर आणायच्या, कामगार पगार झाल्यावर पैसे देणार, आणि मधल्या दिवसांत सावकाराचं व्याज चढणार. १९६९ साली मोठ्या बँका सरकारी झाल्या होत्या, पण या बायकांकडे तारण कुठलं? पुरवताईंनी त्यांचे गट बांधले, एकीला दुसरी हमी राहिली आणि बँकेने कर्ज दिलं. रांधणं हा धंदा आहे, हे बँकेच्या वहीत चढलं. आमच्या मते कर्जाच्या रकमेपेक्षा मोठी गोष्ट हीच.

पुढे १९९२ पासून नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या सरकारी बँकेने, बचत गट बँकांशी जोडले. आता गटाला कर्ज मिळणं पूर्वीइतकं जिकिरीचं राहिलेलं नाही. फेडताना मात्र गाडं अडतं. मजुरी न धरता माल विकला की हप्त्याला घरखर्चातलेच पैसे जातात आणि वर 'तुमचा धंदा चालत नाही' हे ऐकावं लागतं. बायका आळशी म्हणून गट मोडत नाहीत, भाव चुकलेला असतो. हे पन्नास भाषणांत कोणी सांगितलं नव्हतं.

बाकी तुम्ही शिकवलंत ते लेबलवर आलंय. निव्वळ वजन पिशवी सोडून, घटक जास्तीकडून कमीकडे, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, हिरवा ठिपका. चकली पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत जात नाही, नाहीतर वाफ धरून मऊ पडते.

ज्याला येतं त्याने समोरच्याला लहान न करता सांगावं, एवढी साधी माणुसकी किती दुर्मीळ झालीय! तुम्ही आम्हाला 'बिचाऱ्या' म्हणाला नाहीत, 'लाडक्या बहिणी' म्हणून गोंजारलंही नाहीत. हिशोब चुकला तिथे सरळ काट मारलीत.

दुकानदाराने नवा भाव ऐकून आधी नाक मुरडलं. दोन दुकानं सुटली, एक टिकलं, आणि सोसायट्यांच्या ऑर्डरी वाढल्यात. दिवाळीची भाजणी येत्या आठवड्यात गिरणीवर जाईल. तुमचा एक किलो बाजूला ठेवतोय. पैसे घेणार नाही असं म्हटलं तर तुम्हीच रागवाल, तेव्हा ५०० तयार ठेवा.

तुमच्या,
वागळे इस्टेटमधल्या गटाच्या सगळ्या जणी