टब कितीही सजवा, पण मुलाला त्यात काम द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत लहान मुलांसाठी घरच्या घरी थीमवाला सेन्सरी बिन कसा करायचा यावर पानभर मजकूर आला, विषय घेतलात त्याबद्दल मनापासून आभार, इतक्या लहान मुलांच्या खेळाबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. फोटोही छान होते. पण ते फोटो बघून त्याच दिवशी मला दोन-तीन आयांचे मेसेज आले की ताई एवढं सगळं आम्हाला कुठे जमणार, आणि एकीने तर त्यातल्या पाण्यात फुगणाऱ्या रंगीत मण्यांची ऑर्डरसुद्धा टाकून दिली होती. म्हणून हे पत्र लिहायला बसले. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवते, हे टब जवळपास रोज भरते आणि रोज आवरते.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एका ओळीत सांगते, सेन्सरी बिन म्हणजे एक पसरट टब, त्यात तांदूळ किंवा वाळू किंवा पाणी असं काहीतरी हाताला लागणारं, आणि वर थोडी भांडी आणि खेळणी. बस एवढंच.

आता माझं म्हणणं. थीम म्हणलं की आपण मोठी माणसं लगेच चित्र डोळ्यासमोर आणतो, समुद्र म्हणजे निळे तांदूळ, शंख, मासे, मोती, चमकी, एक छोटी होडी, सगळं मांडून झालं की फोटो. आणि मूल येतं, दोन मिनिटं हात फिरवतं, मासे उचलून बाहेर टाकतं आणि निघून जातं. मग आई म्हणते एवढी मेहनत केली आणि हा खेळतच नाही. अहो त्याने खेळायचं काय, सगळं तर तुम्हीच करून ठेवलंय! मुलाला चित्र नको असतं, त्याला काम हवं असतं. म्हणून थीम ठरवताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते, यात मूल नक्की काय करणार? समुद्र ही थीम झाली नाही, "वाळूत अडकलेले मासे चाळणीने काढून पाण्याच्या भांड्यात सोडायचे" ही झाली. शेत असेल तर पेरायचं आणि ट्रॉलीत भरून न्यायचं, बांधकाम असेल तर खणायचं, भरायचं, ओतायचं. क्रियापद सापडलं की थीम सापडली, मग सजावट नसली तरी चालतं.

एक उदाहरण देते, हे माझ्यासमोर झालेलं आहे. बांधकामाचा टब होता, वाळू, एक खेळण्यातला ट्रक, एक चमचा आणि एका बाटलीचं झाकण, बाकी काही नाही. साडेतीन वर्षांची एक मुलगी चमच्याने ट्रक भरत होती, ढीग वर आला की ट्रक ढकलायची आणि वाळू घरंगळून खाली. परत भरायची, परत खाली. चार-पाच वेळा झालं, मी गप्प बसले होते, हात शिवशिवत होते सांगायला पण बसले. मग तिने शेजारच्या वाटीतलं पाणी झाकणात घेतलं आणि वाळूवर ओतलं, तळव्याने दाबलं, ट्रक हळूच पुढे ढकलला, ढीग जागचा हलला नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ओली पडत नाय." त्यानंतर वीस मिनिटं ती फक्त किती पाणी टाकलं की चिखल होतो ते बघत होती. त्या टबात शंख आणि चमकी असती तर हे झालं नसतं असं मला अगदी ठामपणे वाटतं.

हे काही मी शोधलेलं नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं, त्यांचा तो गुलाबी मनोरा बऱ्याच जणांनी पाहिला असेल, १० ठोकळे, सगळ्यात लहान १ सेंटीमीटरचा आणि मोठा १० सेंटीमीटरचा, पण रंग सगळ्यांचा एकच. का, तर मुलाचं लक्ष फक्त आकारमानावर जावं, एका वेळी एकच गोष्ट. टबालाही हेच लागू पडतं. भरायला एकच वस्तू, दोन-तीन भांडी, चार-पाच खेळणी, यापेक्षा जास्त नको. दुसऱ्या आठवड्यात टब पूर्ण बदलायची पण गरज नाही, नुसतं एक नरसाळं घाला किंवा चमच्याऐवजी चिमटा द्या, तोच टब मुलाला नवीन होतो.

भांड्यांमध्ये मात्र एक उंच अरुंद पेला आणि एक पसरट वाटी नक्की ठेवा. चार-पाच वर्षांची मुलं वाटीतले तांदूळ पेल्यात ओततात आणि म्हणतात आता जास्त झाले. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेने हेच नोंदवून ठेवलंय, भांडं बदललं तरी माप तेवढंच राहतं हे साधारण सातव्या वर्षाच्या आसपास पक्कं कळायला लागतं. तोवर कृपा करून "अरे तेवढेच आहेत" म्हणून शिकवायला जाऊ नका, त्याला शंभर वेळा ओतू द्या.

तांदूळ रंगवायचेच असतील तर सोपं आहे. एक कप तांदूळ, एक छोटा चमचा व्हिनेगर, खायच्या रंगाचे काही थेंब, झिपच्या पिशवीत घालून दोन मिनिटं हलवा, कागदावर पातळ पसरा आणि रात्रभर वाळू द्या. पाणी घालू नका, तांदूळ चिकट होतात. पूर्ण वाळले की घट्ट झाकणाच्या डब्यात कितीतरी महिने राहतात, ओल लागली किंवा किडा दिसला तर सरळ टाकून द्या. खरं तर पिशवी हलवायचं काम मुलालाच द्यावं, टबापेक्षा त्यातच तो जास्त रमेल.

आता ज्यासाठी मुळात हे पत्र लिहिलं ते. ते फुगणारे मणी. सुरुवातीला मोहरीएवढे असतात, पाण्यात टाकले की काही तासांत गोटीएवढे होतात, दिसायला गोळ्या-चॉकलेटसारखे. ते पाणी शोषणाऱ्या पॉलिमरचे असतात, आणि मुलाने गिळले तर पोटात गेल्यावरही फुगत राहतात, आतडं बंद होतं, ऑपरेशन करावं लागतं. साध्या एक्स-रेमध्ये ते सहसा दिसतही नाहीत त्यामुळे उलट्या कशाने होतायत हे डॉक्टरांनाही लवकर कळत नाही. अमेरिकेत २०२३ साली १० महिन्यांच्या एका बाळाचा यामुळे जीव गेला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ॲमेझॉन, वॉलमार्ट, टार्गेट यांनी तिथे हे मणी मुलांची खेळणी म्हणून विकणं बंद करायचं ठरवलं. मोठं मूल खेळतंय म्हणून ठीक असं पण नाही, एखादा मणी घरंगळून सोफ्याखाली जातो, सुकून परत मोहरीएवढा होतो आणि रांगणाऱ्या बाळाला तोच सापडतो. तसाच बुळबुळीत स्पर्श हवा असेल तर सब्जा आधीच भरपूर पाण्यात पूर्ण भिजवून घ्या, आणि त्याच दिवशी टाकून द्या.

आणि फक्त मण्यांनाच दोष देत नाही मी. आमच्याच वर्गात एका मुलाने राजम्याचा दाणा नाकात घातला होता, मी समोर होते तरी मला दिसलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. तीन दिवसांनी त्याच्या आईने सांगितलं की एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतोय. दाणा आत ओलाव्याने फुगला होता, डॉक्टरांनी काढला, पोरगं रडून रडून लाल झालं होतं, ते रडणं मी आजही विसरले नाही. तेव्हापासून राजमा माझ्या टबातून कायमचा गेला (कच्चा राजमा खाल्ला तर विषबाधा होते, हे तर वेगळंच). आणि असं कधी झालं तर घरी पिन किंवा चिमट्याने काढायला जाऊ नका, दाणा अजून आत जातो.

वयाचं सांगते कारण लेखात ते अजिबात नव्हतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी लहान भाग मोजायचं जे नळकांडं असतं त्याचा व्यास साधारण ३२ मिलिमीटर असतो, त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती या वयासाठी धोक्याची. घरी एवढं मोजत बसायची गरज नाही, टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, त्यातून जे जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलासमोर ठेवू नका, ती नळी थोडी मोठी असते म्हणून उलट जास्त सुरक्षित. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर टबच नको. त्याच्यासाठी बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मीड यांची टोपलीची कल्पना आहे ती जास्त चांगली, एका बुटक्या टोपलीत लाकडी चमचा, कापडाचा तुकडा, धातूचं झाकण, मोठा ब्रश अशा घरातल्याच मोठ्या वस्तू, बाळ तोंडात घालणार हे गृहीत धरूनच निवडलेल्या. कच्चं पीठ पण देऊ नका, त्यात जंतू असू शकतात आणि हात तोंडात जातोच. चुंबक आणि बटण सेलवाली खेळणी टबात अजिबात नको. पाण्याचा टब असेल तर पाच सेंटीमीटर पाणीसुद्धा लहान मुलाला बुडायला पुरतं, फोन वाजला तर एकतर फोन सोडा नाहीतर मुलाला उचलून बरोबर न्या, आणि खेळ संपला की टब तिथल्या तिथे रिकामा करा.

काही मुलं हातच लावत नाहीत. वाळू बघून मागे सरकतात, रडतात. त्यांचा हात धरून आत घालू नका, प्लीज. लांब दांड्याचा चमचा द्या, नुसतं बघू द्या, आठवडाभर बघत राहिलं तरी चालेल. खाणं, कपडे, अंघोळ सगळीकडेच असा त्रास होत असेल तर मात्र ऑक्युपेशनल थेरपिस्टला (मुलांच्या अशा रोजच्या अडचणींवर काम करणाऱ्या तज्ज्ञांना) दाखवलेलं बरं.

पसाऱ्याची भीती सगळ्यांनाच असते, मलाही होती. खाली जुनी चादर अंथरा, शेवटी चार कोपरे उचलून तांदूळ परत टबात ओता. छोटा झाडू मुलाच्या हातात द्या, मुलांना तोही खेळाचाच भाग वाटतो.

तर माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात फुगणाऱ्या मण्यांबद्दल एक खुलासा छापा, आणि यापुढे अशा प्रत्येक लेखाखाली हा खेळ कोणत्या वयासाठी आहे आणि मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं हे लिहा. ज्या आईने ऑर्डर टाकली होती तिने ती कॅन्सल केली, पण तिने मला मेसेज केला म्हणून. बाकीच्यांना कोण सांगणार?

आपली,
एक बालवाडीताई