पाण्याबरोबर प्लास्टिकवरचे जिवाणूही तपासा : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

सोलापूरला समुद्र नाही, तरी समुद्रातल्या प्लास्टिकविषयी आपणांस येथून लिहीत आहे, कारण उजनीहून पंढरपूरमार्गे वाहणारी भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि आमच्या जिल्ह्यात पात्रात पडलेल्या पिशव्या, मधल्या धरणा-बंधाऱ्यांत अडकून जे उरेल ते, बंगालच्या उपसागराच्या दिशेने जाते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. प्लास्टिकबंदीचा विषय निघाला की "जिवाणूच आता प्लास्टिक खातात, मग एवढी चिंता कशाला?" असे मला हमखास ऐकवले जाते, आणि हा समज धोरणात शिरू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जिवाणू प्लास्टिकवर राहतात, एवढे खरे आहे. प्लास्टिकचा गुळगुळीत तुकडा समुद्राच्या पाण्यात पडताच काही मिनिटांत त्याच्यावर पाण्यातली प्रथिने व शर्करा यांचा अतिसूक्ष्म थर बसतो. काही तासांत जिवाणू त्या थराला आधी सैलसर चिकटतात आणि मग स्वतः स्रवलेल्या चिकट द्रव्याने घट्ट बसतात. पुढे करंडक शैवाले (डायाटम ही एकपेशीय शैवाले) आणि इतर सूक्ष्मजीव येतात, आणि बोटाला बुळबुळीत लागणारा जैवपटल तयार होतो. उत्तर अटलांटिकमधून गोळा केलेल्या तुकड्यांवरील अशा वस्तीला 2013 साली संशोधकांनी 'प्लास्टिस्फिअर' म्हटले. त्यांतल्या एका तुकड्यावर तर जवळपास चतुर्थांश जिवाणू व्हिब्रिओ वंशाचे होते. पटकीचा जिवाणू याच वंशातला आहे. अर्थात व्हिब्रिओ दिसला म्हणजे रोग आला, असे मात्र मुळीच नाही.

पण वस्ती करणे म्हणजे खाणे नव्हे. पृष्ठभागावरचे बहुतेक जिवाणू पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यावर आणि शैवालांच्या स्रावावर जगतात. प्लास्टिक त्यांना केवळ बसायला जागा देते. 2016 साली जपानमध्ये सापडलेला, पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) पचवणारा जिवाणू समुद्रातला नव्हता, आणि प्रयोगशाळेत 30 अंश सेल्सिअसला त्याला त्या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा संपवायला सुमारे सहा आठवडे लागले. उलट समुद्रात जैवपटलाच्या वजनाने तरंगणारी पिशवी हळूहळू बुडते, म्हणून पृष्ठभाग स्वच्छ दिसला तरी प्लास्टिक नाहीसे झाले असे धरता येत नाही.

'कंपोस्टेबल' पिशव्यांबाबतही हीच काळजी हवी. त्यांची कसोटी कंपोस्टच्या सुमारे 58 अंशांच्या उष्णतेत लागते, आणि नदीत वा समुद्रात ती उष्णता कुठेच नाही. तेव्हा अशी पिशवी पाण्यात विरघळून जाईल, असा समज जाहिरातींतून पसरू देऊ नये.

महोदय, आपण दोन गोष्टी कराव्यात. आषाढी वारीच्या काळात चंद्रभागेच्या काठावर जमणारे प्लास्टिक पहिल्या पुराच्या आधी उचलले जावे, आणि त्यासाठी पंढरपूर नगरपरिषदेला पुरेशी माणसे व निधी द्यावा. दुसरे असे, की नदीच्या तपासणीत पाण्याच्या नमुन्यांतले जिवाणू मोजताना प्लास्टिकच्या तुकड्यांवरचा थरही खरवडून तपासला जावा, तोच उपक्रम राज्याच्या किनाऱ्यावरही व्हावा, आणि दोन्हींचे निष्कर्ष जनतेसमोर यावेत. सोलापूर विद्यापीठात व येथील महाविद्यालयांत हे काम शिकलेले विद्यार्थी आहेत. त्यांना नमुने आणि परवानगी मिळाली, तर भीमेवरची सुरुवात याच पावसाळ्यात होऊ शकेल.

आपला विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक प्राध्यापक, सोलापूर