मिश्रीच्या डबीचा हिशोब शिकवणाऱ्या आशाताईंना

प्रिय आशाताई,

सप्रेम नमस्कार.

मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावणाऱ्या बायकांच्या गालातल्या पेशींवरचा माझा प्रबंध गेल्या महिन्यात विद्यापीठात जमा झाला. त्यातल्या ऋणनिर्देशाच्या पानावर तुमच्या वाट्याला एकच ओळ आली आहे : 'क्षेत्रकार्यातील सहकार्याबद्दल स्थानिक आशा सेविकेचे आभार.' बांधून आलेली प्रत हातात घेतली तेव्हाच ती ओळ मला टोचली. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं. तुमचं आणि गावाचं नाव मात्र इथेही लिहीत नाही. बायकांना आपण शब्द दिला होता आणि गाव कळलं की बायका कळतात.

साताऱ्याच्या माण तालुक्यातला मार्च महिना. समाजमंदिराचा पत्रा तापलेला. मी पुण्याहून गालातल्या पेशी घ्यायचे ब्रश, नळ्या, संमतिपत्रांचा गठ्ठा सगळं घेऊन आले होते, फक्त बर्फाची पेटी मुक्कामाच्या ठिकाणी विसरले होते. तुम्ही उपकेंद्रातून लसींची पेटी मागून आणलीत. ती संध्याकाळपर्यंत परत पोचवायचा शब्दही तुम्हीच सिस्टरांना दिला होतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी काम सुरू झालं ते त्या पेटीमुळे.

पण मला आधी सांगायचंय ते डबीबद्दल. माझ्या प्रश्नावलीतला चौथा प्रश्न होता, 'दिवसातून किती वेळा मिश्री लावता?' पहिल्या अकरा जणींनी एकच उत्तर दिलं : सकाळी एकदा. मी मुकाट्याने लिहून घेत होते. तुम्ही भिंतीला टेकून ऐकत होतात. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणालात, "मॅडम, असं न्हाय कुणी सांगायचं. सासू बसलीय, जाऊ बसलीय. डबी किती दिसांत सरती ते इचारा." मी प्रश्न बदलला आणि सगळं चित्रच पालटलं. एकीची डबी पंधरा दिवस पुरत होती, दुसरीची तीन दिवसांत खाली होत होती. दोघीही 'सकाळी एकदा'वाल्या! मग तुम्हीच अजून एक प्रश्न घालायला लावलात : घरात तंबाखू भाजतं कोण? कारण तव्याशी बसणाऱ्या बाईच्या छातीत धूरही जातो, तो डबीच्या हिशोबात येत नाही.

विषाचा अभ्यास म्हणजे मात्रेचा अभ्यास. अंगात किती गेलं हेच चुकीचं नोंदवलं, तर पुढची सूक्ष्मदर्शकं, रंगद्रव्यं, संगणकावरची गणितं सगळी फुकट. माझ्या मार्गदर्शकांनी नंतर विचारलं, हा डबीचा निकष कुठल्या शोधनिबंधातून घेतलास? मी म्हटलं, आशाताईंकडून. त्यांनी तो पद्धतीच्या प्रकरणात तसाच ठेवला.

तरीही तोंडात ब्रश घालून घ्यायला कोणी तयार होईना. "आतनं काय काढताय? रोग निघाला तर?" तेव्हा तुम्ही पदराच्या गाठीतून स्वतःची डबी काढून सतरंजीवर ठेवलीत. पहिल्या बाळंतपणात पोट साफ होत नव्हतं म्हणून लागलेली सवय, आज सतरा वर्षं झाली, असं सगळ्यांसमोर सांगितलंत. तंबाखू सोडा म्हणून दारोदार सांगत फिरणाऱ्या बाईने हे कबूल करायला काय लागतं, ते त्या खोलीतल्या प्रत्येकीला कळलं. मग खुर्चीवर बसून तुम्ही आ केलात. पहिली नळी तुमची.

त्या दुपारी बायकांनी मला जे विचारलं त्याची उत्तरं मी तेव्हा चाचपडत दिली होती. आता नीट देते, तुम्ही त्यांना वाचून दाखवा. तंबाखू सुकताना आणि मुरताना पानातच काही द्रव्यं तयार होतात, त्यांना नायट्रोसमाइन म्हणतात. त्यातली दोन, एनएनएन आणि एनएनके, कर्करोग करणारी म्हणून जगभर ओळखली जातात. त्यात आपण पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजतो. पान पुरतं जळत नाही, करपतं, आणि अशा अर्धवट जळण्यातून बेंझोपायरीन तयार होतं. विडी-सिगारेटच्या धुरातही तेच असतं. ते पेशीत शिरलं की पेशी त्याला बाहेर घालवायला बघते. पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याला ऑक्सिजन जोडून विरघळेल असं करू पाहते. या खटपटीत मधल्याच एका टप्प्यावर ते भलतं चिकट होतं आणि थेट डीएनएला जाऊन चिकटतं. भांडं घासायला घ्यावं आणि घासणीतलीच तार बोटात घुसावी, तसं. पी ५३ नावाचं एक जनुक पेशीला बेबंद वाढू देत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात त्या जनुकात ज्या ठराविक जागी बिघाड सापडतात, नेमक्या त्याच जागी हे द्रव्य चिकटतं, असं १९९६ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर दिसून आलं.

"मग माझी सासू ऐंशी वर्षांची हुईस्तोवर लावत होती, तिला का न्हाय झालं?" हे विचारणाऱ्या आजींना माझा खास नमस्कार सांगा. हा प्रश्न आमच्या विषयाच्या गाभ्याचा आहे. पेशीत दुरुस्ती करणारी यंत्रणा असते, ती बहुतेक चिकटलेलं काढून टाकते. काहींची ती जास्त चोख असते, काहींची कमी. एखादा बिघाड निसटणं हा बराचसा नशिबाचाही भाग असतो. पण रोज नवीन भर पडत राहिली की निसटण्याच्या संधी वाढत जातात. सासूबाई वाचल्या, म्हणून मिश्री निरुपद्रवी होत नाही.

आता माझी चूक. तिच्याबद्दल तुम्ही मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत. पुण्याला जाऊन मी काचपट्ट्या रंगवल्या, बघितल्या आणि आनंदून गेले. मिश्रीवाल्या बायकांच्या पेशींत केंद्रकाशेजारी भरपूर बारीक ठिपके दिसत होते. आम्ही शोधत होतो ते हेच, सूक्ष्मकेंद्रक. पेशी दुभंगताना गुणसूत्राचा तुटका तुकडा मागे राहतो आणि त्याचा वेगळा छोटासा गोळा बनतो. मार्गदर्शकांनी पाच मिनिटं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि म्हणाले, "यातले किती ठिपके डीएनए आहेत आणि किती मिश्री?" मी जिम्सा रंग वापरला होता. तो जिवाणूंनाही रंगवतो, केरॅटिन या कातडीतल्या प्रथिनाच्या कणांनाही. शिवाय ब्रश फिरवण्याआधी मी बायकांना नीट चूळ भरायला लावली नव्हती, त्यामुळे मिश्रीची पूड तशीच काचेवर उतरली होती. सगळ्या काचा बाद.

तुम्हाला फोन करताना हात थरथरत होते. शेतातली कामं सोडून, मजुरी बुडवून आलेल्या बायकांना परत बोलवायचं कसं? तुम्ही एवढंच विचारलंत, "आता काय येगळं करायचं ते सांगा." मी म्हटलं, तीनदा चूळ, आणि त्या दिवशी सकाळी मिश्री नाही. तुम्ही म्हणालात, सकाळची मिश्री कोणी सोडणार नाही, तुम्हीच पहाटे या. आणि खरंच, दुसऱ्या खेपेला आपण पहाटे पाचला दारोदार गेलो. चुली पेटायच्या आधी, डब्या उघडायच्या आधी. तुम्ही बॅटरी धरलीत, मी ब्रश फिरवला. एका घरी कुत्रं अंगावर आलं तेव्हा तुम्ही मध्ये उभ्या राहिलात. आशांना कामागणिक मोबदला मिळतो, पण या कामाचा रकाना तुमच्या कुठल्याच कागदात नव्हता. आमच्या अंदाजपत्रकातही नव्हता, याची मला लाज वाटते.

या वेळी फॉयल्गेन रंग वापरला. तो फक्त डीएनएला धरतो. केंद्रक जांभळट गुलाबी दिसतं, आजूबाजूची पेशी सोबतच्या दुसऱ्या रंगाने फिकट हिरवी, आणि खरं सूक्ष्मकेंद्रक असेल तर त्याच गुलाबी रंगाचा वाटोळा ठिपका, मोहरीच्या दाण्याएवढा वाटावा असा. प्रत्येकीच्या दोन हजार पेशी मोजल्या. पट्टी कोणाची आहे हे मोजताना मला माहीत नसायचं, तसाच नियम आहे. प्रबंध परीक्षकांकडे आहे, त्यामुळे आकडे इथे मांडत नाही. पण प्रत्येक पट्टी भिंगाखाली सरकवताना मला बॅटरीचा उजेड आठवायचा.

मोजून मोजून डोळे शिणले की मी कमलताई रणदिव्यांबद्दल वाचलेलं आठवायचे. पुण्यात जन्मलेल्या या बाईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. प्राण्याच्या किंवा माणसाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून पाहण्याचं आपलं शास्त्र तिथून सुरू झालं. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पण मला जास्त भावतं ते पुढचं. त्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्याच्या कामासाठी तयार केलं. इतकी वर्षं पेशींकडे बघितलेल्या बाईला गावातल्या बाईचं मोल कळलं होतं. मला ते कळायला तुम्ही भेटावं लागलं.

अजून एक गोष्ट प्रबंधात कुठेच नाही. तपासताना तिघींच्या गालात पांढरे चट्टे दिसले होते, आणि एकीच्या पुतण्याचं तोंड गुटख्याने इतकं आवळलं होतं की दोन बोटंही उभी बसत नव्हती. सुपारीतल्या अरेकोलिनने गालातल्या पेशी कोलॅजनचे धागे जास्त विणू लागतात, कातडी दोरीसारखी ताठ होते. मी चिठ्ठ्या लिहून दिल्या आणि माझ्या कामाला लागले. त्या चौघांना एसटीने साताऱ्याला जिल्हा रुग्णालयात नेलंत तुम्ही. रांगेत उभ्या राहिलात, आणि पुतण्याला दुसऱ्यांदाही नेलंत. हे मला वर्षभराने, तेही दुसऱ्याकडून कळलं.

दिवाळीत फोनवर तुम्ही म्हणालात, डबी माळ्यावर ठेवलीय, फेकवत नाही. राहू द्या माळ्यावर. गालाचं अस्तर साधारण दोन-तीन आठवड्यांत खालून नवं येतं, हे मी सांगितल्यावर तुम्ही किती वेळ बोटांवर मोजत बसला होतात ते मला आठवतंय.

निघताना तुम्ही एकच मागितलं होतं, "आमच्या पेशी आमाला कधी दावणार?" अभ्यासातल्या काचा मला बाहेर आणता येणार नाहीत, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी येते. रंग, ब्रश, कोऱ्या काचा घेऊन येते. ज्यांना हव्या त्यांच्या पेशी तिथेच रंगवू. रंग चढायला दोन तास तरी लागतात, तेव्हा बायकांना जरा लवकर बोलवा. आणि शाळेतला सूक्ष्मदर्शक चालू आहे का, तेवढं गुरुजींना विचारून ठेवा. नसेल तर मी इथून आणते. बर्फाची पेटी या वेळी विसरणार नाही.

तुमची,
पुण्याची पोरगी