सात हजार डॉलरच्या पुढची गोष्ट

प्रिय चिनू,

तू मेसेजमध्ये लिहिलंस की आई, स्टीव्ह ग्रँडनेसुद्धा (तो अमेरिकेतला गे गायक) क्रेडिट कार्डाचं लिमिट संपवूनच गाण्याचा व्हिडिओ केला होता, मग मी का नको. तेव्हा म्हटलं आधी या मुलाचं नीट वाचूया तरी. तशीही इथे दुपारी ताई आणि जावईबापू कामावर, पिल्लू शाळेत, बाबा सोफ्यावर झोपलेले, त्यामुळे वेळच वेळ आहे. चार दिवस तेच वाचतेय, त्याच्या मुलाखती ऐकतेय. फोनवर सांगायला गेले तर तू दोन मिनिटांत "हो गं आई" करून मोकळा होशील, म्हणून सगळं टाइप करून पाठवतेय. मोठं झालंय, पण पूर्ण वाच.

एक गंमत सांगते. तो लेमॉन्टचा आहे हे तू मला सांगितलंच नव्हतंस! इथे शिकागोजवळ ताईच्या घरापासून लेमॉन्ट म्हणजे गाडीने जेमतेम पंधरा मिनिटं, टेकडीवरचं ते राममंदिर आहे ना, जिथे विवेकानंदांचा पुतळा आहे आणि जिथे आम्ही आल्यापासून दर रविवारी दर्शन आणि मग खाली जाऊन डोसा असा कार्यक्रम असतो, ते लेमॉन्ट. गाव छोटं, जुन्या दगडाच्या खाणींचं, आणि चर्चेस इतकी की कुठल्याही वळणावर एक मनोरा दिसतोच. परवा जाताना मी मुद्दाम ताईला गाडी गावातून घ्यायला लावली. काही विशेष दिसलं नाही, मुलं सायकली चालवत होती, एका घरापुढे एक काका पानं गोळा करत होते. पण अशा गावात कॅथलिक घरात १९९० साली जन्मलेल्या मुलाला तेराव्या वर्षी कळतं की आपल्याला मुलगे आवडतात, तर त्याला हे बोलायला कोण असेल, असं वाटून गेलं खरं.

घरी कळल्यावर त्याला थेरपिस्टकडे पाठवलं, "बरं" करायला. पाच वर्षं! शाळेतली सगळी शहाणपणाची वर्षं त्यातच गेली की रे. आपल्याकडे हे होत नाही असं समजू नकोस, तू गे आहेस हे घरी सांगितलंस त्यानंतर पंधरा दिवसांत आपल्याच नात्यातल्या एकीने मला एका "खूप चांगल्या" डॉक्टरचा नंबर पाठवला होता, तुला कधी बोलले नाही. २०२१ ला मद्रास हायकोर्टाने ह्या असल्या उपचारांवर बंदी घालायला सांगितली आणि २०२२ ला मेडिकल कमिशनने सगळ्या राज्यांच्या कौन्सिलना कळवलं की कन्व्हर्जन थेरपी म्हणजे डॉक्टरने केलेलं गैरवर्तन धरा. मी ती बातमी तिला फॉरवर्ड केली, वर हात जोडलेला इमोजी टाकला. तेव्हापासून तिचे गुड मॉर्निंग बंद आहेत, बरंच झालं.

असो, मुद्द्यावर येते. तुझ्या डोक्यात ही गोष्ट २ जुलै २०१३ ला सुरू होते, ज्या दिवशी त्याने "ऑल अमेरिकन बॉय" यूट्यूबवर टाकलं. पण त्याच्या आधीचं बघ ना. अकराव्या वर्षापासून तो गाणी लिहितोय. आणि पोटापाण्यासाठी शिकागोत कॅथलिक चर्चमध्येच वाजवत होता, म्हणजे ज्या धर्माच्या नावाने त्याला पाच वर्षं सरळ करायचं चाललं होतं त्याच धर्माच्या प्रार्थनेला हा पियानोवर. मला हे फार लागलं. पण त्याचा हात तिथेच बसला असणार हेही खरं, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी जाऊन, मूड असो नसो, लोकांना म्हणता येईल अशा पट्टीत वाजवायचं, ही तालीम कुठल्या क्लासमध्ये मिळते? तू भजनी मंडळाला साथ करायला कंटाळतोस म्हणून मुद्दाम सांगितलं.

व्हिडिओ मी तीन वेळा बघितला, बाबांनी एकदा (आणि नंतर म्हणाले, मुलगा दिसायला चांगला आहे, बस). शेकोटीभोवती मित्रमैत्रिणी, ह्याचा जीव एका मित्रावर, त्या मित्राची मैत्रीण तिथेच शेजारी, मग दोघं पोहायला पाण्यात उतरतात, हा पुढे होऊन किस करतो आणि तो मित्र मागे सरतो. पण मारामारी नाही, अपमान नाही. एकतर्फी प्रेमाची साधी गोष्ट आहे, फक्त दोन्हीकडे मुलगे. आणि गाण्यात कुठे लपवाछपवी नाही, मुलगा मुलासाठी गातोय हे सरळ कळतं. कंपनी नाही, मोठी टीम नाही, कार्डावर सात हजार डॉलर. आठवडा-दीड आठवड्यात दहा लाख व्ह्यूज, सीएनएन, गुड मॉर्निंग अमेरिका, सगळीकडे मुलाखती.

एवढंच तू मला सांगितलंस. आता पुढचं मी सांगते, कारण बँकेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला पुढच्या पानावर काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

व्ह्यूज आले, पण अल्बमला पैसे कुठून? त्याने २०१४ च्या फेब्रुवारीत किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून पैसे जमवायच्या वेबसाइटवर, मागितले. आपल्या गणपतीच्या वर्गणीसारखंच, फक्त नियम असा की ठरवलेला आकडा गाठला नाही तर कुणाकडूनही एक पैसा मिळत नाही. ८१,००० डॉलर मागितले होते, जमले ३,२६,५९३. तेव्हाच्या भावाने दोन कोटींच्या घरात. देणारे किती? ४,९०५. बस्स. भागाकार केला तर माणशी साधारण ६७ डॉलर पडतात. म्हणजे दहा लाख वेळा बघितलं गेलेलं गाणं, आणि खिशात हात घालणारे पाच हजारसुद्धा नाहीत, म्हणजे दोनशे व्ह्यूजमागे एक माणूस. आणि तेही सगळ्या अमेरिकेने टीव्हीवर त्याला बघितल्यावर! शिवाय त्यातले पाच टक्के वेबसाइटचे, म्हणजे सोळा हजार डॉलर तिथेच गेले, मग पेमेंटवाल्यांचा कट, मग प्रत्येकाला कबूल केलेली सीडी, टीशर्ट, पोस्टेज, टॅक्स. उरलेल्यातून स्टुडिओ.

तुझ्या रीलला तीन लाख व्ह्यूज आले तेव्हा मी सोसायटीत पेढे वाटले हे खरंय. पण तुझ्या हिशोबाच्या शीटमध्ये तू तीन लाखाला जे गुणलंयस ना, ते काढून टाक. तुला शोधायचेत ते हे चार हजार नऊशे पाच लोक, तुझ्या बाबतीत पहिल्यांदा चारशे म्हण. ज्यांना तुझ्या गाण्यासाठी पाचशे रुपये द्यावेसे वाटतील असे चारशे. कोण आहेत ते, कुठे राहतात, त्यांचा ईमेल तुझ्याकडे आहे का? इन्स्टाग्रामकडे आहे, तुझ्याकडे नाही.

अल्बम मार्च २०१५ ला आला आणि बिलबोर्डच्या मोठ्या यादीत, म्हणजे अमेरिकेतल्या खपणाऱ्या अल्बमच्या यादीत, ४७ वा लागला, कुठल्याही बड्या कंपनीशिवाय. ह्याला मी यश म्हणते. पण त्यानंतर तू ज्याला स्टार होणं म्हणतोस ते काही झालं नाही हेही बघ. तो प्राइडच्या कार्यक्रमांत गायला, प्रॉव्हिन्सटाउन नावाचं समुद्रकाठचं गाव आहे मॅसॅच्युसेट्समध्ये, उन्हाळ्यात तिकडे गे लोकांची मोठी गर्दी असते, तिथे पियानो घेऊन सीझनभर शो केले. दारूचा त्रास झाला, सोडली, त्याबद्दल स्वतःच बोलला. दुसरा अल्बम २०१८ ला, तीन वर्षांनी. मधल्या काळात लोक नावंही ठेवत होते, की हा शर्ट काढून फोटो काढतो म्हणून चालतो, गाण्यात काय आहे. मला विचारशील तर फोटो जरा जास्तच आहेत. पण पियानोवर एकटा बसून गातो तेव्हाचे व्हिडिओ बघ, त्याला सूर आहे आणि श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. व्हायरल झाल्यानंतरची पाच वर्षं गाणं सोडलं नाही, मला तर तेच मोठं वाटतं.

आणखी एक, ते "पहिला" प्रकरण. मीडियाने त्याला पहिला गे कंट्री स्टार करून टाकलं (कंट्री म्हणजे तिकडचं खेड्यापाड्याकडचं संगीत). तो स्वतः म्हणत होता की मी पहिला नाही आणि मी नुसता कंट्रीवालाही नाही, पण कोण ऐकतंय. खरं म्हणजे त्याच्या चाळीस वर्षं आधी, १९७३ ला, सिएटलमध्ये पॅट्रिक हॅगर्टी नावाच्या माणसाने लॅव्हेंडर कंट्री नावाने गे गाण्यांचा आख्खा अल्बम काढला होता, हजार प्रती, त्या संपल्या आणि विषय संपला. पुढे २०१४ ला तो परत छापला गेला तेव्हा जगाला कळलं, तोपर्यंत हा माणूस सत्तरीला आलेला. शोधता शोधता त्याच्या वडिलांची गोष्ट सापडली, ती मात्र तुला सांगायलाच हवी. वडील गाईम्हशींवाले, म्हणजे म्हशी नसतील तिकडे, दूधधंदावाले शेतकरी. १९५९ ची गोष्ट. हा शाळेच्या कार्यक्रमासाठी तोंडाला चमकी लावून गेलेला, आणि वडील शेणाने भरलेल्या पँटीत शाळेत आलेले बघून लाज वाटून लपला. वडिलांनी बघितलं. गाडीत बसल्यावर कपड्यांवरून रागावले नाहीत, चमकीवरूनही नाही. म्हणाले की मोठा होऊन कुणाबरोबरही जा पण चोरून जाऊ नकोस, कारण चोरून केलंस की तुलाच वाटायला लागेल आपण वाईट करतोय, आणि मग आयुष्यभर तसंच वाटत राहील. १९५९, खेड्यातला शेतकरी! मी बाबांना उठवून वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले, मग चहा कर म्हणाले.

म्हणून त्या म्युझिक कंपनीच्या कागदाबद्दल बोलते, जो तू "आई जस्ट एकदा बघ" म्हणून पाठवलायस. एकदा नाही, चार वेळा बघितला. तुझं गाणं घेणार, पण "तू आलास"चं "तू आलीस" करा म्हणे, मार्केटसाठी. वर गाण्याचे सगळे हक्क, कायमचे, पृथ्वीवर आणि विश्वात इतरत्रही असं लिहिलंय, म्हणजे तू मंगळावर जाऊन गुणगुणलास तरी परवानगी काढायची. आणि हातात किती, तर पस्तीस हजार. सही करू नकोस. आलास ते आलासच राहू दे, गाणं त्याच मुलासाठी लिहिलंयस ना, मग त्याला मुलगी करून काय मिळवणार. पस्तीस हजार तर मी असेच देते.

शब्द तुझे, चाल तुझी, तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचा, मेंबर हो आधी. २०१२ ला कॉपीराइटचा कायदा बदलला तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कुणाला असाच लिहून देता येत नाही, पण नाव नोंदवलेलंच नसेल तर वाटा पाठवतील कुणाला? फॉर्म भरायचा कंटाळा असेल तर मी आल्यावर आपण दोघं बसून भरू. आणि ज्याच्याकडून अरेंज करून घेतोयस, गिटारवाला, मिक्सिंगवाला, त्यांच्याशी कोणाला किती आणि मालकी कोणाची हे एका पानावर लिहून घे. मित्र आहेत म्हणून तर आत्ताच लिही.

कार्डाचं शेवटचं. कार्डावर थकबाकी राहिली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाला चाळीसच्या वर, त्याच्यावर जीएसटी वेगळा. स्टीव्हचं फिटलं कारण गाणं पेटलं. ज्यांचं नाही पेटलं त्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही, त्यांच्याकडे वसुलीचे फोन येतात, असे खातेदार मी काउंटरच्या ह्या बाजूने बघितलेत. चार गाण्यांची ईपी नको, एक गाणं कर. स्टुडिओ दोनच दिवस घे पण घरी तालीम इतकी कर की दुसऱ्या दिवशी तास उरायला पाहिजे. व्हिडिओ त्या ड्रोनशिवाय होईल. किकस्टार्टर भारतातून टाकता येत नाही, तर नाही, आपण सरळ आगाऊ बुकिंग घेऊ, हिशोब मी ठेवते, आणि पैसे देणाऱ्या प्रत्येकाला पावती जाईल.

जेवतोस ना वेळेवर? फ्रीजरमध्ये डब्यात आमटीचं वाटण आहे, ते संपव. आणि निनादला म्हणावं काकू आल्या की पुरणपोळी करणार आहेत, ये.

आगाऊ बुकिंगची माझी यादी सुरू झालीये. सध्या सोळा नावं आहेत. ताई आणि जावई धरून, माझ्या बँकेतल्या चौघी, आणि बाबांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमधले दोन काका. त्यांना पॉप म्हणजे काय ते माहीत नाही, गाणं मुलगा मुलासाठी म्हणतोय हे मी स्पष्ट सांगितलंय, त्यावर एक काका म्हणाले चाल चांगली असू दे म्हणजे झालं, आणि आगाऊ घेताय तर पावती नक्की द्या.

तुझी,
आई